वास्तूंची छायाचित्रे आणि आपली माणसे

वरळीच्या बी. डी. डी. चाळीत माझा जन्म झाला. तिथेच शिकलो, तिथूनच पुढे शाळेत इतिहास शिकवायला जाऊ लागलो. तरीही आमच्या खोलीचा एकही जुना फोटो माझ्याजवळ नाही. घरात फोटो होता तो एकच, आईबाबांच्या लग्नानंतर १९६१ साली स्टुडिओत जाऊन काढलेला. बाबा खुर्चीवर बसलेले, आई शेजारी उभी आणि त्यांच्या मागे पडद्यावर रंगवलेला महाल. त्यात खांब होते, कमानी होत्या, वर जाणारा रुंद जिना होता. लहानपणी मी आईला विचारले होते, "हे घर कुणाचं?" ती म्हणाली, "कुणाचं नाही. स्टुडिओचं आहे. पैसे दिले की मागं सोडतात."

ज्या १६० चौरस फुटांच्या खोलीत आम्ही सातजण राहत होतो, तिचा फोटो काढावा असे कुणालाच वाटले नाही. आम्हालाही वाटले नाही. फोटो काढण्याजोगी वास्तू म्हणजे दुसऱ्याची वास्तू, ही समजूत आमच्या हाडीमासी खिळली होती. ही समजूत आली कुठून, आणि आज जवळजवळ प्रत्येक हातात कॅमेऱ्याचा फोन आणि समाजमाध्यमे आल्यावर तिचे काय झाले, हे मला या लेखात तपासायचे आहे. हा प्रश्न कलेच्या दालनापुरता राहत नाही. वास्तूंची चित्रे कोण काढतो, कोणासाठी काढतो आणि त्या चित्रांत माणसाला कोणती जागा देतो, यावरून समाजाची स्मृती कोणाच्या ताब्यात आहे हे कळते.

आपल्याकडे कॅमेरा आला तो राज्यकर्त्यांबरोबर. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्यात गोरे अधिकारी होते, तसेच डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे मोजके शिकलेले हिंदी लोकही होते. दुसऱ्याच वर्षी, १८५५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन बिग्ज यांना विजापूर आणि त्या भागातील प्राचीन वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले. चित्रकार बसवून रेखाटने करून घेण्यापेक्षा हे साधन स्वस्त पडेल, असा कंपनीचा हिशेब होता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४०च्या दशकात आलेल्या रॉबर्ट गिल यांनीही पुढे कॅमेरा हाती घेतला. त्यांच्या ७४ छायाचित्रांसह जेम्स फर्ग्युसन यांचे भारतातील लेण्यांवरचे पुस्तक १८६४ साली निघाले. १८७६ साली फर्ग्युसन यांनी भारतीय वास्तुकलेचा जो इतिहास लिहिला, त्याच्यामागे अशा छायाचित्रांचा मोठा आधार होता.

या कामाचे मोल मी नाकारीत नाही. बुद्धाच्या लेण्यांकडे इथल्या धर्ममार्तंडांनी पाठ फिरवली होती, तेव्हा या परक्या माणसांनी त्यांची नोंद केली. १९५६ नंतर तो वारसा आपण उराशी धरला, तेव्हा या नोंदी आपल्याही उपयोगी पडल्या. परंतु त्या काळच्या वास्तुचित्रांत माणूस शोधून पाहा. खांबाच्या पायथ्याशी किंवा दाराच्या उंबऱ्याजवळ एखादा माणूस उभा दिसतो. तो तिथे का आहे? खांब किती उंच, हे पाहणाऱ्याला समजावे म्हणून. त्याचे नाव बहुधा कुणी नोंदलेले नसते. तो मोजपट्टीच्या जागी उभा आहे. शिवाय त्या काळी कॅमेऱ्यातली काच काही सेकंद उजेडाला उघडी ठेवावी लागे. जो हलेल तो पुसट होई किंवा उमटतच नसे. म्हणजे ज्याला 'इथे उभा राहा' असे फर्मावले तो मोजपट्टी म्हणून उमटला आणि जो आपल्या कामात होता तो उमटलाच नाही.

मग इथली माणसे कुठे गेली? ती दुसऱ्या ग्रंथात गेली. १८६८ ते १८७५ या काळात सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाचे आठ खंड काढले. त्यांत या देशातील माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली आहेत. वास्तू एका ग्रंथात आणि माणसे दुसऱ्या ग्रंथात, तीही कपाळावर जातीची चिठ्ठी चिकटवून. मुंबईच्या विल्यम जॉन्सन यांनी त्याच्याही आधी, १८६३ आणि १८६६ साली, मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींवर दोन खंड प्रसिद्ध केले होते. त्यांत एकीकडे काढलेल्या माणसांच्या आकृती कापून शहराच्या आणि स्थळांच्या वेगळ्याच छायाचित्रांवर बसवलेल्या आहेत. माणूस आणि वास्तू यांच्यातले नाते राहण्याचे, राबण्याचे उरले नाही, ते चिकटवण्याचे झाले. आईबाबांच्या मागचा रंगवलेला महाल पाहिला की मला जॉन्सनची कात्री आठवते.

याच काळात जोतीराव फुले पुण्यात बांधकामाची कंत्राटे घेत होते. सरकारी बांधकाम खात्यातले कारकून आणि अंमलदार मजुरांना कसे नाडतात, हे त्यांनी लिहून ठेवले. छायाचित्रात न उमटलेला मजूर फुल्यांच्या लेखनात उमटला आहे. वास्तूच्या इतिहासाकडे पाहण्याची आपली दृष्टी कुठून सुरू होते, हे यावरून समजावे.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आधुनिक वास्तुकलेची चर्चा आपल्याकडे सुरू झाली. मुंबईत १९४६ साली निघालेल्या 'मार्ग' या नियतकालिकाचा त्यात मोठा वाटा आहे. जगभर या काळात वास्तूंच्या छायाचित्रणाची एक करडी शिस्त तयार झाली होती. कॅमेरा मोठा आणि तिवईवर पक्का बसवलेला, उभ्या रेषा ताठ, आकाश स्वच्छ आणि इमारत रिकामी. माझी भाची आर्किटेक्चर शिकते. तिच्यामुळे अशी जुनी मासिके माझ्या हाती आली. पानेच्या पाने उलटली तरी माणूस क्वचितच दिसतो. असे फोटो केव्हा काढतात, हे तिनेच मला सांगितले. मजूर आपल्या झोपड्या मोडून पुढच्या कामावर गेलेले असतात आणि राहणारे अजून यायचे असतात, तेव्हाच्या चार दिवसांत. बांधणारा नाही आणि नांदणाराही नाही, अशी ती वेळ. फोटोखाली नाव असते ते वास्तुविशारदाचे. ज्यांनी घमेली वाहिली, ज्यांची लेकरे वाळूच्या ढिगावर निजली, त्यांचा मागमूस त्या पानावर नसतो. इमारत अस्पर्श दिसली पाहिजे, असा हा आग्रह. 'अस्पर्श' हा शब्द आपल्या कानाला कसा लागतो, ते मी सांगायला नको.

ही शिस्त मोडणारेही निघाले. व्हेनेझुएलाच्या काराकास शहरात अर्धवट राहिलेल्या एका उत्तुंग इमारतीत बेघर कुटुंबांनी संसार थाटले होते. डच छायाचित्रकार इवान बान यांनी त्या वास्तूची चित्रे तिथल्या माणसांसकट काढली आणि २०१२ साली व्हेनिसच्या वास्तुकला प्रदर्शनात त्या कामाचा गौरव झाला. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. ज्या गटारांच्या जोरावर हे शहर उभे आहे, त्या गटारांतून ते कसे दिसते, हे त्यांनी दाखवले. परंतु ही माणसे थोडी. बाकी सारा व्यवहार वास्तुविशारद, त्याने नेमलेला छायाचित्रकार आणि संपादक यांच्यातच चाले.

हा व्यवहार समाजमाध्यमांनी उलटापालटा केला. ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम सुरू झाले. ज्या इमारतीचा फोटो पूर्वी काही महिन्यांनी अंकात येई, तो आता पहिल्याच दिवशी जगभर जातो. तो वास्तुविशारद काढतो, तसाच तिथला वॉचमन काढतो, समोरचा चहावालाही काढतो. चित्राचा आकारही बदलला. ऑगस्ट २०१५ पर्यंत तिथे फोटो चौकोनीच असे. पुढे तो फोनच्या पडद्याएवढा उभा झाला. लांबलचक चाळ, पटांगण किंवा वस्ती त्या उभ्या पट्टीत मावत नाही. मावतो तो एक जिना, एक कमान, एखादी रंगीत भिंत आणि तिच्यापुढे उभे राहिलेले माणूस. हे ओळखून हॉटेले आणि दुकाने तशी भिंत मुद्दाम बांधून घेऊ लागली. पूर्वी वास्तू बांधून झाल्यावर फोटो निघे. आता फोटोचा विचार करून वास्तू बांधली जाते.

मग हलती चित्रे आली. टिकटॉकवर खेड्यापाड्यांतल्या, झोपडपट्ट्यांतल्या पोरापोरींनी आपापल्या दारात नाच केले, नकला केल्या. त्यांच्या मागे बिनगिलाव्याच्या विटांच्या भिंती होत्या, पत्र्याची छपरे होती, शेणाने सारवलेली अंगणे होती. जी घरे वास्तुकलेच्या मासिकात कधी छापली गेली नसती, ती लाखो लोकांनी पाहिली. कुणी हेतुपूर्वक केले नसेल, पण इतक्या मोठ्या प्रमाणावर गरिबाच्या घराचे चित्रण गरिबानेच केले, असे या देशात पूर्वी घडले नव्हते. जून २०२० च्या अखेरीस केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्या घरांचे दर्शन एका रात्रीत बंद झाले. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले आणि गर्दी तिकडे वळली.

यात लोकशाहीचा अंश आहे, हे मी मोकळेपणी मान्य करतो. परंतु कॅमेरा हाती आला म्हणजे चौकटही आपली झाली, असे समजण्याची घाई करू नये. हे मला माझ्याच घरात शिकायला मिळाले.

१९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या. पुनर्विकासासाठी आमची चाळ २०२३ मध्ये रिकामी करायची ठरली. भाची फोन घेऊन आली. म्हणाली, "मामा, पाडायच्या आत सगळं टिपून ठेवते." तिने बोळाचा फोटो काढला. दोन्ही अंगांना खोल्यांची दारे आणि पलीकडच्या टोकाकडून आत येणारा संध्याकाळचा उजेड. फोटो खरोखर देखणा होता. मग आईने तिचा हात धरून तिला मजल्यावरच्या सामाईक संडासापाशी नेले. "आता हा दरवाजा काढ. याच्यापुढं पहाटे चारला डबा घेऊन उभ्या राहायचो आम्ही बाया. आणि तो नळ काढ. त्या नळावर तुझ्या आईचं डोकं फुटलं होतं भांडणात." भाचीने आजीच्या आवाजासकट तेही चित्रित केले.

दोन्ही चित्रे तिने इन्स्टाग्रामवर टाकली. बोळाचा फोटो हजारो लोकांनी पाहिला. 'जुनी मुंबई किती सुंदर होती', 'अशी आपुलकी आता कुठे' असे शेरे आले. नळाचे आणि दरवाज्याचे चित्र फार थोड्यांनी पाहिले. भाचीने शेरे वाचून दाखवले, तेव्हा आई म्हणाली, "सुंदर होतं तर राहायला यायचं होतं त्यांनी."

इथे कुणी आपल्याविरुद्ध कट केला असे मी म्हणत नाही. या माध्यमाचा धंदाच असा आहे. पाहणाऱ्याचा डोळा कशावर किती वेळ टिकतो, कशावर बोट थांबते, हे ते मोजते. जे टिकते ते आणखी लोकांपुढे करते आणि त्या लोकांना जाहिराती दाखवून पैसा मिळवते. उजेडाच्या तिरिपेवर डोळा टिकतो, संडासाच्या दरवाज्यावरून तो पुढे सरकतो. जानेवारी १९७४ मध्ये पँथरच्या सभेनंतर वरळीत दंगल पेटली, तेव्हा याच चाळींवर दगड आले, याच बोळांतून पोलिसांच्या लाठ्या फिरल्या. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि आईने आम्हा भावंडांना मोरीत बसवून ठेवले होते. देखण्या बोळाच्या चित्रात हे कुठेच नाही. आईबाबांच्या वेळी स्टुडिओतला रंगवलेला महाल पडदा म्हणून मागे सोडला जाई. आता आमची चाळच पडदा झाली. तिच्यापुढे दुसरे कुणी येऊन उभे राहते, फोटो काढते आणि निघून जाते.

हे इथेच घडते असेही नाही. हाँगकाँगमध्ये चोई हंग नावाची सरकारी वसाहत आहे. कष्टकऱ्यांसाठी १९६०च्या दशकात बांधलेली. तिच्या भिंती इंद्रधनुष्याच्या रंगांत रंगवलेल्या आहेत. इन्स्टाग्राममुळे तिथले बास्केटबॉलचे मैदान जगप्रसिद्ध झाले आणि फोटो काढणाऱ्यांची तिथे रीघ लागली. ज्या पोरांसाठी ते मैदान बांधले, त्यांच्या खेळात परक्यांच्या कॅमेऱ्यांची अडचण झाली. त्या असंख्य चित्रांतून वसाहतीतल्या घरांची आणि भाड्याची हकिगत मात्र कळत नाही.

विहिरींचेही तेच. राजस्थानातील आभानेरीच्या चाँद बावडीच्या पायऱ्यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्रिकोणांची सुरेख नक्षी. महाराष्ट्रातही तरुण मंडळी गावोगावच्या बारवा शोधतात, त्यांतला गाळ उपसतात आणि त्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर मांडतात. हे काम चांगले आहे, त्यांच्या श्रमाला मी दाद देतो. पण फोटोखाली काय लिहिलेले असते? कोणत्या राजवटीत बांधली, शैली कोणती, पायऱ्या किती. या पायऱ्यांवरून खाली उतरण्याची कोणाला मुभा नव्हती, हे क्वचितच लिहिलेले असते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब पाण्यात उतरले, त्या घटनेच्या उजेडात प्रत्येक बारवेची पायरी पाहता येते. आमच्या दृष्टीने पायरी ही आधी अधिकाराची गोष्ट आहे आणि मग नक्षीची. ती नक्षी आम्हालाही आवडते. आमच्याच कुणा पाथरवटाच्या हातची ती असेल. म्हणूनच नुसत्या नक्षीवर आमचे भागत नाही.

तर मग या माध्यमाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. आपल्या माणसांनी हे साधन हाती येण्याची वाट फार पाहिली आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी पदरचा पैसा ओतून ती चित्रित केली. दुसरे कुणी हे करणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. ६ डिसेंबरनंतर शिवाजी पार्कवरच्या कचऱ्याचे फोटो छापणारी वर्तमानपत्रे आपण वर्षानुवर्षे पाहिली. आता तिथल्या पुस्तकांच्या दुकानांपुढच्या रांगा, चैत्यभूमीच्या तोरणाखाली उभी राहिलेली म्हातारी माणसे, डोक्यावर गाठोडे घेऊन आलेली खेड्यातली बाई, यांची चित्रे आपलीच पोरे काढतात आणि जगाला दाखवतात. एकाच जागेचे हे दुसरे चित्र आहे आणि ते आपण काढलेले आहे.

नागपूरच्या दीक्षाभूमीचा अनुभव तर ताजा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला जिथे धर्मांतर झाले, तिथला भव्य स्तूप २००१ साली पुरा झाला. त्या आवारात जमिनीखाली वाहनतळ करण्यासाठी खोदकाम सुरू झाले. स्तूपाला धोका पोहोचेल, ही भीती लोकांच्या मनात होती. खड्ड्याची चित्रे फोनाफोनांवरून फिरली. १ जुलै २०२४ रोजी हजारो लोक तिथे जमले आणि सरकारला कामाला स्थगिती जाहीर करावी लागली. त्या चित्रांत रेषा ताठ नव्हत्या, उजेड बेताचा होता. वास्तुकलेच्या कोणत्याही मासिकाने ती छापली नसती. पण वास्तूच्या छायाचित्राने वास्तू राखण्याच्या कामी यावे, याहून मोठी कसोटी मला माहीत नाही.

याच्या उलट अनुभवही माझ्या गाठीशी आहे. २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण छापखान्याची वास्तू पाडण्यात आली. त्या दिवशी मी घरातले सारे फोटो धुंडाळले. त्या वास्तूत सभांना मी कितीदा तरी बसलो होतो. वक्त्यांचे फोटो होते, हारतुऱ्यांचे होते. वास्तूचा एकही नव्हता. इतिहास शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाची ही कथा. तो दोष माझा आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक मित्रांना काही सांगावेसे वाटते. आपल्या वस्तीतल्या वास्तूंचे फोटो काढा. विहार, समाजमंदिर, वसतिगृह, वाचनालय, जुना पार, पाणवठा, गावकुसाबाहेरची घरे, पाडायला काढलेल्या चाळी, सारे काढा. सुंदर दिसत नाही म्हणून काही वगळू नका. प्रत्येक फोटोसोबत जागा, तारीख आणि माणसांची नावे लिहा. कोणी बांधले, कोण राहिले आणि कोणाला आत येऊ दिले नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळतील तितकी लिहा. म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या आणि कशाचा फोटो काढायचा हे त्यांना विचारा. त्यांना मोजपट्टी म्हणून उभे करू नका.

दुसरे असे, की समाजमाध्यम हे दाखवण्याचे ठिकाण आहे, जपण्याचे नाही. टिकटॉकचे काय झाले ते आपण पाहिले. खाते बंद होते, कंपनी विकली जाते, नियम बदलतात. आता तर यंत्राने रचलेली खोटी चित्रेही खऱ्यासारखी दिसू लागली आहेत. अशा काळात जागा, तारीख आणि साक्षीदार यांच्यासकट ठेवलेले चित्रच पुरावा म्हणून उभे राहील. निवडक फोटो कागदावर छापून घ्या, त्यांच्या पाठीवर माहिती लिहा आणि एक संच विहारात, एक गावच्या वाचनालयात ठेवा. त्याला फार पैसा लागत नाही. दर महिन्याला रविवारची एक सकाळ लागते.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांत आमचेही घर आहे. भाचीने आजीला विचारले, "आजी, बोळाचा फोटो मोठा करून भिंतीला लावू का?" आई म्हणाली, "तो कपाटात ठेव. भिंतीला नळ लाव." आता स्टुडिओतल्या महालाशेजारी आमचा नळ लागला आहे. त्याच्या पाठीवर मी चाळीचा क्रमांक, मजला, तारीख आणि त्या नळावर पाणी भरणाऱ्या, आईला आठवल्या तेवढ्या सव्वीस बायकांची नावे लिहिली आहेत. चार नावे अजून आठवायची आहेत. त्या जिथे राहायला गेल्या, तिथे जाऊन विचारायचे आम्ही ठरवले आहे.